पगारातील तफावतीची तक्रार : मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा (१९७५–१९८७)

प्रस्तावना

मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना संप हाच त्या इतिहासाचा कणा मानण्याची प्रथा पडली आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेनंतरचा सहा दिवसांचा हरताळ, १९२८ चा गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप, १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली झालेला संप हे त्या इतिहासाचे ठळक टप्पे होत. त्यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने, एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या पगारपत्रकातील आकडा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि दोहोंतील फरकाचे कारण मालकाला विचारावे, ही घटना इतिहासकाराच्या नजरेतून सहज निसटते. तिच्याभोवती गर्दी नसते, मोर्चा नसतो, वृत्तपत्रात मथळा नसतो. बहुधा ती एका अर्जात सुरू होते आणि त्याच अर्जावरील शेऱ्यात संपते.

मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी अँड कंपनी या जुन्या इंग्रजी व्यापारी पेढीतील लघुलेखिका ऑड्री डिकोस्टा यांची तक्रार मात्र तशी संपली नाही. ती कामगार खात्याच्या प्राधिकाऱ्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २६ मार्च १९८७ रोजी तिचा अंतिम निर्णय लागला. स्त्री-पुरुष समान वेतनाच्या संदर्भात हा निकाल कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत नेहमी उद्धृत होतो. परंतु तेथे तो एका तत्त्वाचा आधार म्हणून दोन ओळींत येतो. पगारातील तफावत दिसते कशी, ती लपते कशी आणि ती मांडणाऱ्याला कोणकोणत्या उत्तरांना सामोरे जावे लागते, या दृष्टीने प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा विचार केला आहे.

तफावतीचे दोन प्रकार

वेतनाविषयीच्या तक्रारींमध्ये एक मूलभूत भेद करणे आवश्यक आहे. ठरलेला पगार हाती न पडणे ही एक तक्रार होय. मुळात ठरलेला पगारच अन्याय्य असणे ही दुसरी. पहिली तक्रार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करण्यात आले. त्यातील मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशीही मागणी होती. पगार किती असावा यापेक्षा तो केव्हा मिळावा, हा प्रश्न त्या काळी किती निकडीचा होता, हे यावरून दिसते.

पुढील अर्धशतकात या प्रश्नाला दंड आणि कपातीचे स्वरूप आले. गैरहजेरीबद्दल दंड, खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करणे, या प्रकारांविरुद्ध कामगारांनी वारंवार आवाज उठविला. १९३६ चा वेतन प्रदान कायदा ही त्यावरची कायदेशीर उपाययोजना होय. पगाराची मुदत, कपातीची कारणे आणि दंडाची मर्यादा या कायद्याने निश्चित केली व तक्रार ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकारी नेमण्याची सोय केली. तथापि या कायद्यासमोर जाणारा कामगार करारातील आकडा आणि हाती आलेला आकडा यांतील फरक दाखवीत असे. करारातील आकडाच दुसऱ्या कामगाराच्या तुलनेत कमी का, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता.

हा दुसरा प्रश्न विचारण्यासाठी तुलनेची गरज असते आणि तुलनेसाठी दुसऱ्याचा पगार माहीत असावा लागतो. गिरणीत दर खात्यावार ठरलेले असल्याने ते पुष्कळ अंशी सर्वांना ठाऊक असत. पांढरपेशा कचेरीत परिस्थिती वेगळी होती. तेथे पगार हा कर्मचारी आणि साहेब यांच्यामधील खासगी विषय समजला जाई, आणि दुसऱ्याचा पगार विचारणे हे असभ्यपणाचे लक्षण. ही सभ्यता मालकाला किती सोयीची होती, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

समान वेतनाचे तत्त्व : घोषणेपासून कायद्यापर्यंत

स्त्री व पुरुष या दोघांनाही समान कामासाठी समान वेतन, हे तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (घ) मध्ये नमूद आहे. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये असल्यामुळे त्याच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ मध्ये समान मोबदल्याविषयीचा १०० क्रमांकाचा करार संमत केला आणि भारताने १९५८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानंतरही सतरा वर्षे यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली निघणाऱ्या अनेक अधिसूचनांत तर स्त्री मजुरांचे आणि पुरुष मजुरांचे दर उघडपणे वेगळे छापले जात. शेतमजुरीत बाईची मजुरी गड्याच्या मजुरीपेक्षा कमी असणे हे ग्रामीण महाराष्ट्रात इतके सवयीचे होते की त्याचे कारण विचारण्याची गरजही कोणाला भासत नसे.

भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९७१ मध्ये डॉ. फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे होत असताना २६ सप्टेंबर १९७५ रोजी समान मोबदल्याचा वटहुकूम निघाला व १९७६ च्या प्रारंभी त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

येथे काळाचे भान ठेवणे इष्ट ठरेल. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती. संप, मोर्चे यांवर निर्बंध होते. त्याच सप्टेंबर महिन्यात किमान बोनस कमी करणारा वटहुकूमही निघाला. कामगारांच्या सामूहिक मागणीची दारे बंद होत असताना वैयक्तिक तक्रारीचे एक दार उघडावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. सरकारला त्या दाराने कोणी आत येईल असे खरोखर वाटत होते किंवा नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कायद्याची रचना मात्र पुरेशी काटेकोर होती. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी दराने वेतन देण्यास चौथ्या कलमाने मनाई केली. ही समानता साधण्यासाठी कोणाचाही पगार कमी करता येणार नाही, असेही त्यातच स्पष्ट केले. अन्यथा पुरुषांचे दर खाली आणून समानता साधण्याचा मार्ग मालकांना मोकळा राहिला असता. तिसऱ्या कलमाने या कायद्याला इतर कायदे, निवाडे, करार व सेवाशर्ती यांच्याहून वरचे स्थान दिले. कामगार अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी दर्जाचा नसेल असा प्राधिकारी तक्रार ऐकेल आणि त्याच्या निर्णयावर अपील करता येईल, अशी तरतूद सातव्या कलमात होती. सोळाव्या कलमाने मात्र वेतनातील एखादा फरक लिंगभेदावर आधारलेला नाही, असे जाहीर करण्याचा अधिकार सरकारला दिला. या कलमाचा संदर्भ पुढे येणार आहे.

कंपनी, पद आणि वेतननिश्चिती

मॅकिनन मॅकेन्झी ही पेढी १८४७ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीचे प्रतिनिधित्व तिच्याकडे होते आणि हिंदी महासागरातील जहाज वाहतुकीत तिचा दबदबा होता. मुंबई पोर्ट ट्रस्टने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वसविलेल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये कंपनीची इमारत आजही तिच्या नावाने ओळखली जाते. अशा विलायती पेढ्यांच्या कचेऱ्यांमध्ये लघुलेखन व टंकलेखन करणाऱ्या स्त्रियांचा एक वर्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तयार झाला होता. अँग्लो-इंडियन, पारशी, गोव्याच्या व वसई परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांतील इंग्रजी शिकलेल्या मुली प्रथम या कामाकडे वळल्या; मराठी मध्यमवर्गातील मुली स्वातंत्र्योत्तर काळात मोठ्या संख्येने आल्या. ‘लेडी स्टेनो’ हा शब्द मुंबईच्या बोलीत रुळला तो याच काळात. ‘जेंट्स स्टेनो’ असा शब्द मात्र रुळला नाही, कारण पुरुष लघुलेखकाला नुसते ‘स्टेनो’ म्हणणे पुरेसे होते.

डिकोस्टा यांचे पद ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे होते. कंपनीतील वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडून दिलेल्या गोपनीय लघुलेखिका या सर्व स्त्रिया होत्या. पुरुष लघुलेखक सर्वसाधारण कामासाठी वेगळे होते. १९७५ मध्ये कंपनी आणि कर्मचारी संघटना यांच्यामध्ये वेतनविषयक समझोता झाला. या समझोत्यातील वेतनश्रेणी कागदावर पाहिल्या तर पुरुष व स्त्री लघुलेखकांत जवळजवळ फरक नव्हता. भेद निर्माण झाला तो या नव्या श्रेणीत प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांना बसविताना, म्हणजे वेतननिश्चितीच्या वेळी.

ही बाब महाविद्यालयीन शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वेतन आयोग लागू झाल्यानंतर श्रेणी सर्वांची एकच असते. परंतु कोणाची निश्चिती कोणत्या टप्प्यावर झाली, यावर प्रत्यक्ष पगार ठरतो आणि कनिष्ठाचा पगार ज्येष्ठापेक्षा अधिक झाल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे संचालक कार्यालयात पडून राहतात. मॅकिनन मॅकेन्झीमध्ये लघुलेखिकांचे पूर्वीचे पगार मुळातच कमी होते. नव्या श्रेणीत त्यांना बसविताना तो जुना कमीपणा नव्या आकड्यांत जसाच्या तसा उतरला. श्रेणी समान, सेवाकाल समान, आणि तरीही महिनाअखेरीस हाती येणारी रक्कम असमान! कोणत्याही एका कागदावर ‘स्त्रियांना कमी’ असे लिहिलेले नव्हते. समझोता वाचणाऱ्याला समता दिसावी आणि पगारपत्रक वाचणाऱ्याला विषमता, अशी ही स्थिती होती.

तक्रारीचा प्रवास

१३ जून १९७७ रोजी डिकोस्टा यांची सेवा समाप्त करण्यात आली. त्यानंतर त्यांनी कायद्याच्या सातव्या कलमाखालील प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. कायदा लागू झाल्यापासून सेवासमाप्तीपर्यंतच्या काळात आपल्याइतकीच सेवा झालेल्या पुरुष लघुलेखकाला जे वेतन मिळत होते आणि आपल्याला जे मिळाले, त्यांतील फरक मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. नोकरी परत मिळावी किंवा समझोता रद्द व्हावा, अशी मागणी या अर्जात नव्हती.

तक्रार नोकरी संपल्यानंतर दाखल झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. समान वेतनाचा हक्क नोकरीत असणाऱ्या स्त्रीला दिलेला असला तरी, ज्या साहेबाची पत्रे रोज उतरवून घ्यायची त्याच्या कंपनीविरुद्ध कामगार खात्यात अर्ज करणे सोपे नव्हते. ‘गोपनीय’ या शब्दात विश्वासाचा एक करार गृहीत होता. व्यवस्थापनाची गुपिते सांभाळणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या पगाराचा प्रश्न काढणे हा विश्वासघात ठरण्याचा संभव होता. हा हक्क वापरण्याची सोय अनेकींच्या बाबतीत नोकरी सुटल्यावरच निर्माण होत असावी, असा तर्क यावरून करता येतो.

प्राधिकाऱ्याचा निर्णय विचित्र म्हणावा असा होता. पुरुष लघुलेखक आणि लघुलेखिका यांचे काम एकाच स्वरूपाचे आहे, हे त्याने मान्य केले. पण संघटनेशी झालेला समझोता अस्तित्वात असल्यामुळे भेदभाव झाला असे म्हणता येत नाही, असे सांगून अर्ज फेटाळला. वस्तुस्थिती तक्रारदाराच्या बाजूने आणि निर्णय कंपनीच्या बाजूने, असा हा प्रकार होता. अपील प्राधिकाऱ्याने हा निर्णय फिरविला. भेदभाव स्पष्ट आहे असे नमूद करून त्याने २६ ऑक्टोबर १९७५ ते १३ जून १९७७ या काळातील मूळ वेतन व महागाई भत्ता यांतील फरकापोटी ७,१९६ रुपये ६७ पैसे देण्याचा आणि त्या प्रमाणात भविष्य निर्वाह निधीत भर घालण्याचा आदेश दिला. साधा हिशेब केला तर हा फरक दरमहा सुमारे ३६७ रुपये होतो. सत्तरीच्या दशकात कचेरीत काम करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नव्हती.

कंपनीच्या दृष्टीने मात्र ती किरकोळच असली पाहिजे. तरीही कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. एकसदस्यीय पीठाने याचिका फेटाळल्यावर खंडपीठापुढे अपील केले आणि तेथेही अपयश आल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सात हजार रुपयांसाठी एवढा खर्च कोणी करीत नाही. एका लघुलेखिकेचा हिशेब मान्य केला तर इतर लघुलेखिकांचाही मान्य करावा लागेल, ही भीती त्यामागे असणार. सेवासमाप्तीपासून अंतिम निकालापर्यंत पावणेदहा वर्षे गेली.

कंपनीची उत्तरे

कंपनीने वेळोवेळी दिलेली उत्तरे एकत्र पाहिली तर पगारातील तफावत दाखवून देणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणत्याही कचेरीत जी उत्तरे मिळतात, त्यांचा जणू नमुनासंचच हाती लागतो.

तुमचे काम वेगळे आहे, हे पहिले उत्तर. गोपनीय लघुलेखिका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात, पुरुष लघुलेखक तसे करीत नाहीत. सबब तुलना होऊ शकत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या यांनी निकालपत्रात याचे सविस्तर खंडन केले. काम समान स्वरूपाचे आहे किंवा नाही हे ठरविताना दृष्टी व्यापक असावी. ‘समान स्वरूपाचे’ या शब्दांतच तपशिलात फरक असणार हे गृहीत धरलेले आहे आणि अशा क्षुल्लक फरकांमुळे समानतेचा दावा निष्फळ होता कामा नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. नेमणूकपत्रात कोणती कामे लिहिली आहेत यापेक्षा प्रत्यक्षात कोणती कामे केली जातात, हे पाहावे, असेही त्यात म्हटले आहे. इंग्लंडच्या १९७० च्या समान वेतन कायद्याच्या आणि युरोपीय तरतुदींच्या अनुभवाचा या विवेचनाला आधार आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. कंपनीत गोपनीय लघुलेखिका सर्वच्या सर्व स्त्रिया का होत्या? त्या कामासाठी स्त्रिया विशेष पात्र असतात असे नाही, आणि पुरुष लघुलेखकांचे काम करण्यास त्या अपात्र असतात असेही नाही. त्या तेथे होत्या कारण व्यवस्थापनाने त्यांना तेथे नेमले होते. मालकाने स्वतःच स्त्रियांचा वेगळा कप्पा तयार करावा आणि मग त्या कप्प्यात एकही पुरुष नसल्यामुळे तुलना करता येत नाही असे म्हणावे, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. या निकालातील हा भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण तफावत लपविण्याची सर्वांत सोपी रीत पदनामातच दडलेली असते हे त्याने उघड केले.

तुमच्या संघटनेनेच यावर सही केली आहे, हे दुसरे उत्तर. प्राधिकाऱ्याने ज्या मुद्द्यावर अर्ज फेटाळला तो हाच. तिसऱ्या कलमामुळे कायदेशीर दृष्टीने तो टिकण्यासारखा नव्हताच, आणि समझोता संघटनेच्या संमतीने झाला म्हणून असमान वेतन समर्थनीय ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र ऐतिहासिक दृष्टीने हा मुद्दा कामगार चळवळीला अडचणीत टाकणारा आहे. बहुसंख्य सभासद पुरुष असलेल्या संघटनेने वाटाघाटी केल्या, श्रेणी वाढवून घेतल्या आणि ती झाली त्या वर्षाची यशस्वी कामगिरी. लघुलेखिकांच्या निश्चितीचे कलम त्या यशाच्या तपशिलात होते. सामूहिक सौदा हा कामगाराचा सर्वांत मोठा आधार आहे यात वाद नाही. पण सौद्याच्या टेबलावर जे बसलेले नसतात, त्यांच्या वाट्याचा हिशेब दुसरेच कोणी तरी करीत असते.

कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही, हे तिसरे उत्तर. हे उत्तर बहुधा सर्वांत शेवटी येते आणि त्यामागे एक अप्रत्यक्ष कबुली असते, कारण द्यायला पैसे नाहीत असे म्हणणारा देणे लागतो हे मनातून मान्य करतो. मालकाची ऐपत पाहून हा कायदा लागू होत नाही, असे उत्तर न्यायालयाने दिले व कंपनीची याचिका फेटाळली.

हवाई सुंदरींचे प्रकरण

या निकालाचे वेगळेपण समजण्यासाठी सहाच वर्षे आधीच्या दुसऱ्या एका प्रकरणाशी तुलना करणे आवश्यक आहे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. एअर इंडियाचे मुख्यालय त्या काळी मुंबईतच होते. विमानातील प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांत हवाई सुंदरी आणि पुरुष सहायक फ्लाइट पर्सर असे दोन वर्ग होते. हवाई सुंदरीला पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह झाल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणानंतर निवृत्त व्हावे लागे. पुरुष मात्र अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत राहू शके. गरोदरपणाची अट न्यायालयाने कठोर शब्दांत रद्द केली. परंतु भरती, पात्रता व बढतीचे मार्ग वेगळे असल्यामुळे हे दोन वर्ग स्वतंत्र असून त्यांची तुलना होऊ शकत नाही, हे तत्त्व मान्य केले. सरकारने १९७९ मध्ये सोळाव्या कलमाखाली काढलेल्या घोषणेचाही त्यासाठी आधार घेण्यात आला.

म्हणजे मालकाने निर्माण केलेला वेगळा कप्पा १९८१ मध्ये न्यायालयाने वस्तुस्थिती म्हणून स्वीकारला आणि १९८७ मध्ये त्याच कप्प्याचे मूळ शोधले. दोन्ही प्रकरणांतील प्रश्न सर्वस्वी एक नव्हते, हे खरे. एकीत मुख्यतः निवृत्तीच्या अटी होत्या, दुसरीत केवळ वेतन. तरीही या सहा वर्षांत न्यायालयीन दृष्टीत पडलेला फरक नजरेत भरतो. त्यास १९८२ च्या रणधीर सिंग प्रकरणाचा हातभार लागला असावा. दिल्ली पोलीस दलातील या चालक-शिपायाने इतर खात्यांतील चालकांना आपल्यापेक्षा अधिक वेतनश्रेणी का, असा प्रश्न वरिष्ठांकडे मांडला होता व तेथे दाद न मिळाल्यामुळे तो सर्वोच्च न्यायालयात आला होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी समान कामासाठी समान वेतन हे मूलभूत हक्क नसले तरी घटनात्मक उद्दिष्ट निश्चितच आहे, असे मानून त्याच्या बाजूने निर्णय दिला. १९६२ मध्ये किशोरी मोहनलाल बक्षी प्रकरणात याच न्यायालयाने हे तत्त्व अमूर्त ठरवून बाजूला सारले होते, हे लक्षात घेता वीस वर्षांतील हे अंतर लहान नव्हे.

निकालाच्या मर्यादा आणि पुढील काळ

डिकोस्टा प्रकरणातील निकालाचे मोल मान्य करूनही त्यातील एका विधानाकडे दुर्लक्ष करता येत नाही. स्त्री-पुरुषांच्या वेतनात कोणत्याही परिस्थितीत फरक असूच नये, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ओझी उचलणे, मालाची चढउतार करणे यांसारखी कामे स्त्रिया करू शकत नाहीत, म्हणून तेथे भेदभावाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे निकालपत्रात सूचित केले आहे. ज्या मुंबईत बांधकामावर विटांची पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढणारी बाई कोणत्याही रस्त्यावर दिसते, त्या मुंबईतून आलेल्या खटल्यात हे वाक्य यावे, याचे नवल वाटते. कचेरीतील टेबलाशी बसून केलेल्या कामाची तुलना करताना न्यायालयाने जी व्यापक दृष्टी ठेवली, ती अंगमेहनतीच्या कामापर्यंत पोहोचली नाही.

दुसरी मर्यादा कायद्याच्या रचनेतच होती. तुलना एकाच मालकाच्या आस्थापनेतील पुरुषाशी करावयाची असल्याने जेथे सर्वच कामगार स्त्रिया आहेत, तेथे हा कायदा मुका होत असे. घरी बसून विड्या वळणारी किंवा मसाले निवडणारी बाई कोणत्या पुरुषाशी स्वतःची तुलना करणार? डिकोस्टा यांच्यापाशी निदान समान सेवाकालाचा एक पुरुष लघुलेखक आणि छापील समझोता होता.

१९७६ चा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट करण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारे वेतनात भेद करू नये, ही तरतूद संहितेच्या तिसऱ्या कलमात कायम आहे. दरम्यान २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. पदनाम वेगळे, काम तेच, ही युक्ती आता लिंगाऐवजी नेमणुकीच्या प्रकारावर बेतली जाऊ लागली होती. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची संख्या ज्या महाविद्यालयांत वाढली, तेथील वाचकांना याचे उदाहरण शोधण्यासाठी स्टाफ रूमबाहेर जाण्याची आवश्यकता नाही.

मॅकिनन मॅकेन्झीने १९९२ मध्ये मुंबई कार्यालयातील कर्मचाऱ्यांची कपात केली. त्या वेळी वाद संघटनेने लढविला आणि तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला, तेव्हा तेवीस वर्षे उलटली होती.